उजेड आवरा!

परतूरच्या आमच्या गल्लीत सोपान सरांचं दार वाजवलं की आतून आधी हुकूम येतो, "उजेड आवरा!" मग भर दुपारी मोबाइल खिशात घालायचा आणि दाराच्या फटीतून तिरकं आत शिरायचं. पाहुण्यांना मी सांगतो, शेजारी प्राध्यापक राहतात. पुढचं सांगायची लाज वाटते.

सर कॉलेजात फिजिक्स शिकवतात आणि घरी काचेचे मणी करतात. माळेतले नव्हेत, खसखशीएवढे. काच एका संशोधक मित्राकडून येते. तिचा धागा ओढून टोक आचेवर धरलं की मणी तयार. उजेड त्यात शिरला की कडेकडेनं गरगर फिरत राहतो.

"प्रत्येक मण्याचा रंग ठरलेला," सर सांगतात. "पण ही काच हळवी. वरून उजेड दिला की रंग सरकतो, अन् मंग तसाच ऱ्हातो. तबला ठोकून लावतेत ना, बिलकुल तसं."

असे मणी लावून म्हणे उजेडावर चालणारी, हवं तेव्हा काम बदलणारी यंत्रं होणार आहेत. तोवर गल्लीला दिसतो तो सरांच्या खिडकीतला लाल बल्ब. लाल उजेड मण्यांना बाधत नाही. घर शोधत आलेल्या माझ्या व्याह्यांनी तो बल्ब पाहून मला जे विचारलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

वडीगोद्रीच्या एका लग्नात डीजेचे दिवे सुरू झाले तसे सर डबा पोटाशी धरून पंगतीतून पळाले. डब्यात त्या संशोधक मित्राला द्यायचे मणी होते. लोकांना वाटलं, गुलाबजाम. मी ओळख दाखवली नाही.

सरांनी लग्न केलं नाही. घरात फक्त माय. दिवेलागणीला एकही खोली अंधारी ठेवायची नाही, हा तिचा नेम. मण्यांच्या खोलीला ती बाहेरूनच दिवा ओवाळायची. एकदा घरी भजनाला गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. खोलीचं दार उघडं दिसलं आणि माय सवयीनं निरांजन घेऊन आत गेली.

"वर्षाची मेहनत जाळली तू!" सर सगळ्यांदेखत ओरडले. "अक्कल हाय का काही?"

मग घाबऱ्याघुबऱ्या मोबाइलची बॅटरी लावून त्यांनी मणी न् मणी तपासला. सर्वांत चांगला मणी कामातून गेला होता.

मायनं दिवा दाखवणंच सोडलं. आमच्या ओट्यावर बसून खालमानेनं माझ्या बायकोला म्हणायची, "माझ्या हातानं पोराचं वाटोळं झालं बाई."

पुढं सरांनीच तपासून पाहिलं. एक मणी निरांजनासमोर धरला, त्याचा रंग हलला नाही. दुसऱ्यावर मोबाइलची बॅटरी मारली, त्याचा रंग लगेच सरकला. त्यांनी मायला सांगितलं.

माय म्हणाली, "मला एकटीला काय सांगतो? बोलला तवा समदी गल्ली व्हती."

दुसऱ्या दिवशी सर आमच्या दारात उभे. या माणसानं आमचा उंबरा कधी ओलांडला नव्हता.

"मायच्या दिव्यानं काही बिघडलं नव्हतं," ते जमिनीकडं बघत म्हणाले. "माझ्याच बॅटरीनं गेलं. तिच्यात निळा उजेड लई असतो. मी उगंच ओरडलो."

मी खुर्ची पुढं केली. "बसा सर, बाकीच्यांना मी सांगतो."

"न्हाई. ओरडलो मी."

ते पुढच्या घराकडं वळले. कान लाल झाले होते. मी आणि बायको फाटकापर्यंत गेलो, तेवढ्यात माय लगबगीनं आली.

"बस झालं रे बाबा," ती म्हणाली. "लोकं हासायलेत तुला."

सर थांबले नाहीत. मायनं त्यांचा दंड धरला, पण मागं ओढलं नाही. त्यांच्याबरोबर ती कोपऱ्यावरच्या घरापर्यंत गेली. कडी तिनंच वाजवली. दार उघडलं, आतल्या बाईनं सरांकडं पाहून तोंडाला पदर लावला.

"हासू नको बाई," माय म्हणाली. "माझा लेक काय सांगू राह्यला, ते ऐक."