एकशे अठ्ठावीस नंबरचा सभासद

"नवीन काय काय आहे ह्या प्रोग्रॅमात?" आंबा बागायतदार सोसायटीचे सचिव अनिल शिवलकर यांनी विचारलं, तेव्हा अवनीला फार बरं वाटलं. तिच्या घरात किंवा ऑफिसात हा प्रश्न तिला अजून कुणीही विचारला नव्हता.

"खूप आहे, अनिलभाऊ. यादीत काय ठेवायचं ते आता आधीच सांगून ठेवता येतं. सभासदांच्या यादीत चुकून आंब्याची पेटी शिरली तर लगेच कळतं. प्रोग्रॅममधली, यादीवरून फिरायची ओळ अर्धी झाली. आणि आकडे आपोआप गुंडाळले जातात, आपोआप सुटतात. पूर्वी प्रत्येक आकडा हाताने सोडवायला लागायचा."

अनिलभाऊंनी पडद्याकडे निरखून पाहिलं. "दिसतंय तर पूर्वीसारखंच."

"दिसायला तेच राहणार."

"मग पेट्या लवकर मोजून होतील?"

"नाही. वेळ तेवढाच."

"मग काही हरकत नाही," अनिलभाऊ म्हणाले. ज्या बदलाने काहीच बदलत नाही, त्याला विरोध करण्याचं कमिटीला कारण नव्हतं.

अवनी रत्नागिरीतूनच भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी झाली होती. शहरातल्या एका छोट्या कंपनीत ती प्रोग्रॅम लिहायची. सोसायटीचा पावत्या छापणारा प्रोग्रॅम तिनेच गेल्या वर्षी हंगाम संपल्यावर जावा या संगणकाच्या भाषेत लिहिला होता. दोन हजार चारच्या शेवटी जावाची पाचवी आवृत्ती आली आणि तिच्या नव्या गोष्टींची यादी अवनीने, लोक आपलं राशिभविष्य वाचतात तशी, रोज थोडी थोडी वाचून काढली. जुना प्रोग्रॅम आहे तसा नव्या आवृत्तीवर चालला असता. पण आकडे आपोआप सुटणार असतील तर हाताने सोडवण्याच्या ओळी कशाला ठेवायच्या? तिने त्या एकूण एक काढून टाकल्या. प्रोग्रॅम इतका सुटसुटीत दिसायला लागला की तिने तो आईलाही दाखवला.

तपासणी करायला कमिटीचेच लोक समोर बसले होते. प्रत्येकाने आपला सभासद क्रमांक सांगितला, प्रत्येकाची पावती छापून आली. मग चहा झाला.

एप्रिल उजाडला. गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर कातळावर बांधलेल्या सोसायटीच्या शेडसमोर पेट्यांची रांग लागली. संध्याकाळी ट्रक वाशीला निघायचा होता. परशुराम मांडवकरांनी नंबर सांगितला, "एकशे सत्तावीस." पावती आली. त्यांच्या पेट्या ट्रकात चढल्या. त्यांच्यामागे त्यांचे धाकटे भाऊ काशीराम उभे होते. वाटणी झाल्यापासून दोघे एकमेकांशी बोलत नसत, त्यामुळे मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

"एकशे अठ्ठावीस," काशीराम म्हणाले.

पडद्यावर तांबड्या अक्षरांत संदेश आला. तो अवनीनेच मोठ्या निगुतीने लिहिलेला होता: टाकलेला क्रमांक १२८. नोंदीतला क्रमांक १२८. दोन्ही जुळत नाहीत.

काशीरामांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "काय गो अवनी, एकशे अठ्ठावीस नि एकशे अठ्ठावीस जुळत नाय, तर मग काय जुळतं?"

अवनीने पुन्हा नंबर टाकला. पुन्हा तेच.

"भावाच्या नंबरावर टाकू का आजच्या दिवस?" अनिलभाऊंनी हळूच सुचवलं.

"त्याच्या?" काशीरामांचा आवाज शेडबाहेर गेला. "गेल्या साली हाताने पावत्या केल्यात, तेव्हा माझ्या पेट्या त्याच्या नावावर चढल्या. म्हणून तर संगणकाच्या पावतीशिवाय पेटी चढवायची नाय, असा ठराव मी करून घेतला. ह्या कातळावर आंबा ओतीन, पण त्याच्या नंबरावर नाय जायचा!"

परशुराम ट्रकापाशी उभे राहून दुसरीकडे बघत म्हणाले, "जुळत नाय तर जुळत नाय. यंत्राला कळतं."

मागून मालन गोताड पुढे आल्या. त्यांचा नंबर एकशे चाळीस. तोही जुळेना. त्यांच्या मागच्याचाही जुळेना. मग रांगेतल्या सगळ्यांनीच आपापले नंबर ओरडून सांगायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात चित्र स्पष्ट झालं. एकशे सत्तावीसपर्यंतचे सगळे चालत होते. पुढचा एकही चालत नव्हता.

"म्हणजे जुने सभासद चालतात, नवे नाय," मालनबाई म्हणाल्या. "हे यंत्राला शिकवलंन कोणी?"

"तपासणीला कोणाला बसवलंनीत? कमिटीला!" कुणीतरी म्हणालं. "नव्यांना मताचा हक्क द्यायचा नाय, आता आंबाही घ्यायचा नाय!"

अनिलभाऊंचा चेहरा उतरला. येत्या महिन्यात सोसायटीची निवडणूक होती. "अवनी," ते तिच्या कानाशी येऊन म्हणाले, "एकशे सत्तावीसच का? शंभर चाललं असतं, दोनशे चाललं असतं. एकशे सत्तावीस म्हटल्यावर लोकांना वाटणारच, कोणीतरी मुद्दाम मोजून रेघ मारली."

तेच अवनीच्याही डोक्यात घोळत होतं. एकशे सत्तावीस. हा आकडा संगणक वापरणाऱ्यांच्या चांगला ओळखीचा. यंत्राच्या सगळ्यात छोट्या कप्प्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा. आणि मग तिला नव्या आवृत्तीच्या यादीतला, बारीक अक्षरांतला एक परिच्छेद आठवला. तो वाचताना तिला केवढं कौतुक वाटलं होतं! तिचे कान गरम झाले.

"अनिलभाऊ, चूक माझी आहे. ह्या दोन पेट्या बघा. दोन्हींत सारखाच हापूस. सारख्या आहेत की नाहीत?"

"आंबा सारखा. पेट्या दोन."

"यंत्रही आकडे असे पेटीत गुंडाळून ठेवतं. मी त्याला विचारत होते, पेटी तीच आहे का? विचारायला हवं होतं, आतला आंबा सारखा आहे का? पूर्वी मी पेटी उघडून आतला आकडा बघायचे. नव्या आवृत्तीत उघडायची गरज नाही असं समजून ते काढून टाकलं."

"मग एकशे सत्तावीसपर्यंत चाललं कसं?"

"लहान आकडे सारखे लागतात, म्हणून त्यांच्या पेट्या आधीच भरून ठेवलेल्या असतात. कोणीही मागितलं की तीच पेटी मिळते. त्यापुढच्या आकड्याला दर वेळी नवी पेटी."

"म्हणजे कमिटीने काही केलेलं नाही."

"नाही."

"मग हे बाहेर तू सांग. मी सांगितलं तर कोणाला पटायचं नाही."

अवनीने बाहेर येऊन सगळं पुन्हा सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. काशीरामांनी विचारलं, "म्हणजे माझा नंबर बरोबर, पण त्याची पेटी भरून ठेवलेली नाय?"

"बरोबर, काका."

"आणि ह्याची भरून ठेवलेली."

"हो."

"कोणी भरून ठेवलंन?"

"जावाने."

"तो कोणाच्या पार्टीतला?"

दुरुस्ती सोपी होती, पण प्रोग्रॅमचा मूळ मजकूर शहरातल्या ऑफिसात होता. तिकडे जाऊन, बदलून, परत येईपर्यंत ट्रक थांबला असता तर आंब्याचा वाशीतला सकाळचा बाजार चुकला असता. इथे बसून एकच गोष्ट करता येत होती. नंबरच लहान करायचे. बागा विकून मुंबईला गेलेल्यांचे कितीतरी जुने नंबर रिकामे पडले होते. आजच्यापुरते ते नव्यांना दिले की झालं. मालनबाईंना बेचाळीस मिळाला. तो पूर्वी एका माजी अध्यक्षांचा होता असं कळल्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि पावती दोन्ही हातांनी घेतली. कुरकुर थांबली. रांग सरकू लागली.

शेवटी काशीराम राहिले. रिकामा नंबरही एकच राहिला होता. अवनीने तो टाकला आणि म्हणाली, "काका, तुम्हाला एकोणीस."

ट्रकापाशी काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. परशुरामांनी हातातली पेटी खाली टाकली होती.

"एकोणीस दादांचा नंबर आहे!"

अवनीने अनिलभाऊंकडे पाहिलं. अनिलभाऊंनी कपाळावर हात मारला. "ह्यांच्या वडिलांचा. ते गेल्यावर तो कोणी घ्यायचा ह्यावर दोघांचं एकमत होईना. शेवटी तो तसाच ठेवला आणि दोघांनी एकाच दिवशी नवे नंबर घेतले."

"मोठा मी आहे," परशुराम पहिल्यांदाच थेट भावाकडे बघून बोलले. "दादांचा नंबर मिळायचा तर मला मिळायचा. माझ्या पेट्या उतरवा खाली!"

"तुझा नंबर चालतो ना? मग गप ऱ्हा की!" काशीराम म्हणाले. "मला संगणकाने दिलंन."

"संगणकाला काय माहीत थोरला कोण ते!"

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. परशुरामांनी खरोखरच आपल्या पेट्या उतरवायला सुरुवात केली. काशीरामांनी आपल्या चढवायला घेतल्या. ट्रकाच्या फळीवर दोघे समोरासमोर आले आणि अडकले. एकाला खाली यायचं होतं, दुसऱ्याला वर जायचं होतं, आणि बाजूला व्हायला कोणीच तयार नव्हतं.

काशीरामांच्या पत्नी हौसाकाकी इतका वेळ पेटीवर बसून वारा घेत होत्या. त्या उठल्या. "अवनी, दोघांच्याही पेट्या एकोणीसवर टाक गो. नायतर दोघांच्या इथेच ठेव. उद्या दोघं मिळून आमरस करू दे."

एकोणीस सोडावा तर दुसऱ्याला जाईल, आणि घ्यावा तर दुसऱ्याबरोबर. परशुरामांनी बराच विचार केला. मग उचललेली पेटी परत ट्रकात ठेवली. काशीरामांनीही आपली शेजारी ठेवली. अवनीने दोघांची मिळून एक पावती छापली. वर नाव आलं, विठोबा मांडवकर. दोघांनी ती एकाच वेळी धरली, आणि ट्रक निघाला तरी सोडली नाही.

अवनीने शहरात जाऊन काढून टाकलेल्या ओळी परत घातल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ती शेडमध्ये हजर झाली. एकशे अठ्ठावीस टाकला. पावती आली. एकशे चाळीस, पावती आली. तिने सुटकेचा श्वास टाकला तोच काशीराम दारात दिसले.

"काका, तुमचा नंबर आता चालतो!"

काशीरामांनी मागे वळून पाहिलं. "कोणाला सांगितलंस?"

"अजून कोणालाच नाही."

"मग नको सांगू. माझा चालतो म्हटलं की मला एकोणीस सोडायला लागणार. तो मग सगळाच त्याचा." आणि ते आले तसे निघून गेले.

थोड्या वेळाने परशुराम आले. इकडचं तिकडचं बोलले, पंख्याची चौकशी केली, मग म्हणाले, "धाकट्याचा नंबर झाला काय गो बरा?"

नीट चालणाऱ्या प्रोग्रॅमला बिघडलेला म्हणायची पाळी अवनीवर आयुष्यात कधी आली नव्हती. "नाही अजून," ती म्हणाली.

"मग सावकाश कर. घाई नाय." परशुराम खुर्ची पुढे ओढून बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पण माझी पंचाईत बघ. माझा पडला चालू नंबर. उद्या कमिटी म्हणेल, तुझा चालतो ना, मग तू एकोणीस सोड. तेव्हा माझा एकशे सत्तावीस पण जरा बंद पाडून दे ना."

अवनीने कीबोर्ड जवळ ओढला. चुकून तिला ते जमलं होतं. मुद्दाम जमेल की नाही, हे मात्र तपासून पाहायला हवं होतं.