शेवटच्या रेघेनंतरचे छाटावे

बाबा गेल्यावर जुईनगरचं घर आईच्या नावावर करण्यासाठी मी रीतसर अर्ज केला. बाबांनी कागद स्कॅन करून नीट लावून ठेवले होते. फाईलचा संगणकातला पत्ता होता: जुईनगर/पारिजात सोसायटी/३०२/सुभाष.

"ताई, आमाला फक्त फोल्डर लागतं," कार्यालयाच्या खिडकीवरचा कुंदन म्हणाला. "शेवटच्या तिरक्या रेघेनंतरचं सिस्टिम आपोआप छाटते. टेन्शन नाय."

रेघेनंतर बाबांचं नाव होतं. ते छाटलं गेलं.

आठवड्यानं उत्तर आलं: 'मयत व्यक्ती: ३०२. नाव आढळत नाही. अर्ज पुन्हा सादर करावा.' मी केला. रेघेनंतर जे शेवटी उरेल ते फाईल, अशी सिस्टिमची श्रद्धा होती. आता शेवटी ३०२ उरला होता. तोही गेला. कार्यालयानं 'मयत: पारिजात सोसायटी' अशी नोंद करून सगळ्या चौसष्ट घरांना सांत्वनाचा मेसेज पाठवला.

सोसायटीचे सचिव वरदकाका लिफ्टपाशी आडवे आले. "अगं, मी मेलोय म्हणून माझं रेशनकार्ड बंद केलंय! काय ते लवकर दुरुस्त कर बाई."

दुरुस्तीसाठी मी तिसऱ्यांदा अर्ज दिला. आता अख्खं जुईनगर मयत झालं.

"चौथ्यांदा देऊ का?"

"नको ताई," कुंदन पहिल्यांदाच घाबरला. "सासुरवाडी जुईनगरची, ती गेलीच. आता छाटलं तर मी राहतो ते सानपाडाबी जाईल. असं करा, दोन शेजाऱ्यांकडून मयताचं नाव लिहून आणा. हातानं. लगेच आईंचं काम करतो."

हे सोपं होतं. त्या मजल्यावर आम्ही एकोणीस वर्षं राहत होतो.

"तीनशे दोनवाले काका ना? देवमाणूस!" समोरच्या गीतांजलीकाकूंनी डोळे पुसले, पेन घेतलं आणि नावाच्या रकान्यापाशी थांबल्या. "म्हणजे... काय बरं लिहायचं?"

वरदकाकांनी रजिस्टर काढलं. त्यात फ्लॅट नंबरच होते.

शेवटी दोघांनीही 'तीनशे दोनवाले काका' असं लिहून सह्या केल्या. कुंदननं कागद परत केला. घर अजून आईच्या नावावर झालेलं नाही.

सिस्टिमवर माझा राग नाही. तिला निदान छाटायला सांगितलं होतं.

तुम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. बाबांचं नाव मी सुरुवातीलाच लिहिलं आहे. वर न बघता सांगा.