चार मीटरचा शार्क

शार्क माशांविषयी आमच्या गावात माझ्याइतकं कुणी वाचलेलं नाही. एकेचाळीस वर्षं मी इथल्या वाचनालयात होतो. त्या विषयाची बत्तीस पुस्तकं होती, ती सगळी वाचली, काही दोनदा. त्यामुळे खरा शार्क समोर आला तर माझी चूक होणार नाही, असं मला वाटत होतं. एरवी मला कशाचीच एवढी खात्री वाटत नाही.

आधी मी पाण्यात कसा गेलो ते सांगतो. माझी बायको डल्सी जुलैत गेली, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धातल्या ऐन हिवाळ्यात. ती रोज सकाळी सहाला समुद्रात पोहायची, बरोबर आठ-दहा मैत्रिणी. मी वाळूवर खुर्चीत पुस्तक घेऊन बसायचो. सेहेचाळीस वर्षं. ती बाहेर आली की टॉवेल पुढे करायचा, एवढाच माझा समुद्राशी संबंध.

आमच्याकडे पोहणारं माणूस गेलं की बाकीचे सर्फिंगच्या फळ्यांवर पालथे पडून लाटांपलीकडे जातात, पाण्यात गोल करतात, आणि घरचं माणूस मध्ये रक्षा सोडतं. घरचं माणूस म्हणजे मी. आणि मला कमरेपर्यंत पाणी आलं तरी छातीत धडधडतं.

"तुला फळीवर बांधून ओढत नेते," डल्सीची मैत्रीण ब्रॉन्विन म्हणाली. ती शाळेत खेळ शिकवायची. अजूनही गळ्यात शिट्टी असल्यासारखी बोलते. "पार्सल नेतात तसं. तू फक्त डबा धर."

"मी पोहत येईन," मी म्हणालो. हे कोण बोललं म्हणून मीच मागे वळून पाहिलं.

मग दोन आठवडे सराव केला. खडकांच्या आडोशाला, जिथे लाट येत नाही तिथे. डल्सीचाच मास्क, डल्सीचीच श्वासाची नळी. मास्कच्या पट्ट्यात तिचा एक पांढरा केस अडकला होता, तो तसाच राहू दिला. पाण्यात तोंड घालून श्वास घेता येतो हा शोध मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी लागला. माझे हातपाय उलट्या पडलेल्या झुरळासारखे चालायचे, पण मी पुढे सरकायचो, हे महत्त्वाचं.

कार्यक्रम रविवारी नऊला होता. डल्सीची मोठी बहीण रोवेना, वय ब्याऐंशी, त्यासाठी पर्थहून आली होती आणि सोमवारी पहाटेच्या विमानाने परत जाणार होती. शनिवारी सकाळी मी शेवटचा सराव करायला गेलो. खडक संपतो तिथे पाण्याखाली एक कपार आहे. कपारीत काहीतरी पडलं होतं. चष्म्याशिवाय मला धड दिसत नाही, त्यामुळे आधी वाटलं, कुणाची तरी चटई असेल. मग चटईने माझ्याकडे पाहिलं.

बत्तीस पुस्तकांत लिहिलंय: शांत राहा, नजर हटवू नका, सावकाश मागे या. मी किंचाळलो. नळीतून किंचाळलं की फुटक्या भोंग्यासारखा आवाज होतो. मग अर्धा समुद्र पिऊन, गुडघ्यांवर रांगत बाहेर आलो आणि थेट जीवरक्षकांच्या मनोऱ्यावर गेलो. तिथे कीली होती. लहानपणी तिला चित्रांची पुस्तकं मीच द्यायचो.

"शार्क," मी म्हणालो.

"केवढा?"

"चार मीटर."

"नक्की, नेव्हिल?"

आयुष्यात कुणी "नक्की?" विचारलं की मी माघार घेत आलोय. त्या दिवशी म्हणालो, "नक्की."

भोंगा वाजला. माणसं पोरांना काखोटीला मारून पाण्याबाहेर धावली. जीवरक्षकांनी मोटारबोटी सोडल्या, त्यांनी खडकाभोवती दहा घिरट्या घातल्या, कुणालाच काही सापडलं नाही. कीलीने फलक लावला: किनारा बंद. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "तीन मीटरच्या वरचा असला की दोन दिवस बंद ठेवावा लागतो. म्हणजे उद्या डल्सीचं..."

आणि मला काय झालं ते सांगायची लाज वाटते. मला हायसं वाटलं. परीक्षा पुढे ढकलल्यावर वाटतं तसं.

दुपारी ब्रॉन्विन आणि रोवेना माझ्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. चहा निवत होता.

"पुढच्या वर्षी मी असेनच असं नाही," रोवेना म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"कुठे होता म्हणालास?" ब्रॉन्विनने विचारलं.

"कपारीत."

"पोहत होता?"

"नाही. वाळूवर टेकून पडला होता."

"अंगावर पट्टे?"

"होते. घोड्याला खोगीर घालतात तसे."

ब्रॉन्विनने कप खाली ठेवला. मी उठलो, शेल्फावरून शार्कचं पुस्तक काढलं. डल्सीच्या रक्षेचा डबा त्याच्याच शेजारी होता. चष्मा घातला, पान उघडलं. चित्रात तोच होता. लांबी एक मीटरच्या आसपास. दर हिवाळ्यात त्याच खडकात येतो, वसंत सरेपर्यंत राहतो. दिवसा झोपून असतो. शिंपले खातो. माणसाला काही करत नाही.

पाण्यात वस्तू तिसऱ्या हिश्शाने मोठी दिसते, हे मला माहीत होतं. ते धरूनही अडीच मीटर उरत होते. ते माझे स्वतःचे.

"तो तर नेव्हिल," ब्रॉन्विन म्हणाली.

"काय?"

"डल्सीने ठेवलेलं नाव. रोज त्या कपारीवरून जाताना ती नळी काढून ओरडायची, नेव्हिल घरी आहे गं. मग आम्ही पुढे जायचो."

"माझं नाव का?"

ब्रॉन्विन फरशीकडे पाहायला लागली. उत्तर रोवेनाने दिलं. "मला फोनवर सांगायची ती. दिवसभर एका जागी पडून असतो. कुणाच्या अध्यात ना मध्यात. आपण जवळ गेलो की तोच घाबरतो." मग ती म्हणाली, "तो दिसला नाही तर तिचा दिवस खराब जायचा."

मी कोट घातला आणि मनोऱ्यावर गेलो. तिथला नियम असा, की किनारा उघडताना कारण ध्वनिक्षेपकावरून सांगायचं. कीलीने शक्य तेवढं पुटपुटत सांगितलं, "खबर देणाऱ्याने खबर मागे घेतली आहे. शार्कची लांबी एक मीटर." वाळूवर बटाट्याचे काप खात बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या गावात खबर देणारा कोण, हे सांगावं लागत नाही.

रविवारी नऊला मी पोहत गेलो. पार्सल म्हणून फळीवर रोवेना होती, डबा तिच्या मांडीवर. दोनदा ब्रॉन्विनने मला मागून ढकललं, पण तेवढं मी मोजत नाही. मी म्हणालो, लाटांपलीकडे नको, कपारीवरच थांबू. गोल झाला. मी डबा उघडला. रक्षा चहात दूध पसरावं तशी पसरली आणि हळूहळू खाली गेली.

ब्रॉन्विनने सवयीने पाण्यात डोकं घातलं, वर काढलं, नळी बाजूला केली.

"नेव्हिल घरी नाही," ती म्हणाली.

मीही तोंड पाण्यात घातलं. कपार रिकामी होती. कालच्या भोंग्याला आणि मोटारबोटींना घाबरून पळाला असणार. त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो, तर मीही तेच केलं असतं.