निळ्या ठोंबाची वाटणी

"मामा आज झाड बघायला येतायत," बायकोनं फोन ठेवत सांगितलं, आणि दातांच्या डॉक्टरांच्या हातातला चहा हातातच राहिला. झाड कालच गेलं होतं, तेही डॉक्टरांच्याच उपचारांनी.

मामा म्हणजे बायकोचे मामा, वनखात्यातून निवृत्त झालेले. ज्या उतारावर ही निळी रानफुलं यायची तिथून रस्ता जायचा होता. खोदाईच्या आधी मामांनी एक ठोंब उचलून आणला, अर्धा स्वतःला ठेवला आणि अर्धा मोठ्या विश्वासानं जावयाच्या हवाली केला. उतारावर आता एक पानही उरलं नव्हतं.

ठोंब फोडायचा, मुळं न दुखावता कोंब सोडवायचा, हे तर डॉक्टरांच्या हातचा मळ. खुर्चीत आरडाओरडा न करणाऱ्या पेशंटला बक्षीस म्हणून एक कोंब मिळू लागला. मग कुंडीतल्या ठोंबाच्या बुडाशी जराशी कूज दिसली. दुसऱ्या कोणी माती बदलली असती. डॉक्टरांनी दवाखान्यातलं चूळ भरायचं औषध ओतलं, सकाळ-संध्याकाळ. कूज थांबली आणि झाडही थांबलं.

"आता मामांना काय तोंड दाखवू?"

"खरं काय ते सांगा."

"त्यापेक्षा पेशंटकडून एखादा कोंब परत आणतो," म्हणत त्यांनी चपला चढवल्या.

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरांच्या दाराची बेल वाजवली तेव्हा पडदा हलला. "ते घरी नाहीत," आतून मास्तरांचाच आवाज आला.

"अहो, दाढेसाठी नाही आलो. झाडासाठी आलोय."

"दाढ आता अजिबात दुखत नाही, डॉक्टर."

"झाड कुठाय?"

दार बोटभर उघडलं. "शिवणवाल्या ताईंना दिलं. त्याच्याकडे बघितलं की मला तुमचं मशीन ऐकू यायचं."

ताईंनी गालावर हात ठेवूनच दार उघडलं. "छान फोफावलं होतं हो. अर्धं शेजारी दिलं, ते त्यांच्या मांजरानं उकरलं. उरलेलं एका गिऱ्हाइकाला दिलं. ड्रेस द्यायला उशीर झाला म्हणून बाई रागावल्या होत्या."

"कोण बाई?"

ताईंनी त्यांच्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं. "तुमच्याच की."

डॉक्टर धापा टाकत घरी आले. स्वयंपाकघराच्या खिडकीत तो ठोंब एका डब्यात होता. पुदिना समजून ते रोज त्यात उरलेला चहा ओतत होते. आणि डब्याशेजारी खुर्चीवर मामा बसले होते, मान खाली घालून.

"जावईबापू, बघायला नाही, मागायला आलोय. माझा ठोंब वाळला. तुम्हाला सांगायचं धाडस होईना."

"वाळला कसा?"

"जन्म रानात गेला माझा. रानातल्या झाडाला पाणी कशाला घालायचं, म्हटलं."

डॉक्टरांना मामांबद्दल इतका जिव्हाळा आजवर कधी वाटला नव्हता. त्यांनीही चुळीची हकिकत सांगून टाकली. दोघं पोट धरून हसले.

बायकोनं मात्र डबा पालथा केला, ठोंब हातानंच अलगद फोडला आणि तीन भाग केले.

"मामा, हा तुमचा. याला पाणी घालायचं. अहो, हा तुमचा. याला फक्त पाणीच घालायचं."

तिसरा भाग तिनं पुन्हा डब्यात लावला, आणि डबा दोघांचेही हात पोचणार नाहीत अशा उंच फळीवर ठेवला.