आबांचे बर्फाचे टायर

होळी नुकतीच होऊन गेली होती. अमळनेरच्या रस्त्यांवर दुपारी चपला डांबराला चिकटत होत्या, आणि आमचे शेजारी आबा गल्लीत बर्फाच्या लाद्या अंथरत होते.

लाद्या त्यांनी बर्फाच्या कारखान्यातून आणल्या होत्या, भुशात पुरून आणि वर ओलं गोणपाट टाकून. त्यांवरून त्यांना आपली पिकअप चालवून पाहायची होती. गाडी लष्कराच्या लिलावातली. हँडल मारून मारून ती सुरू होईपर्यंत अर्धा बर्फ गटारीत आणि उरलेला गल्लीतल्या पोरांच्या तोंडात गेला होता. आबांनी ओल्या टायरवरून हात फिरवला.

"पकड समजनी नही, मास्तर," ते म्हणाले.

मी मास्तर नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावतो. पण पुस्तकांजवळ बसणारा कोणीही आबांच्या लेखी मास्तरच. आता ते नाहीत, आणि त्या नावाने मला हाक मारणारंही कोणी नाही. चार ओळी लिहून झाल्या की हात थांबतो. तरी लिहायला हवं, कारण गावात त्यांची आठवण निघते ती 'बर्फवाले आबा' म्हणून, आणि लोक तेवढ्यावरच हसून थांबतात.

बर्फाचं असं की, आबांची एकुलती एक मुलगी सिंधू हिमाचलात होती. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत ती शाळेवर शिकवायला गेली, तिथल्या एका पहाडी ओव्हरसिअरशी तिने नोंदणी पद्धतीने लग्न केलं, आणि त्याची बदली झाल्यावर त्याच्या मुलखात गेली. आबा लग्नाला गेले नाहीत. पुढे आखाजी आली. आमच्या खानदेशात अक्षय तृतीयेला सासरच्या मुली माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात. पण मुलीने आपणहून यायचं नसतं. माहेरचं माणूस मुराळी होऊन तिला आणायला जातं. त्या वर्षी सिंधूला आणायला कोणी गेलं नाही. आबांच्या दारातला झोका रिकामाच राहिला.

दुसऱ्या वर्षी आबांनी ही गाडी घेतली. सिंधूला आखाजीला आणायचंच, असं त्यांनी मला ओट्यावर बसून सांगितलं. त्यांच्या पत्नी अक्का आतून म्हणाल्या, "मंग रेल्वेनं तिकीट काढा ना."

"मुराळी रेल्वेमा जास का?" आबांनी विचारलं. आपल्या घरची गाडी मुलीच्या दारात उभी राहिली पाहिजे, हे त्यांचं ठरलेलं होतं. आणि तिच्या दारात वैशाखापर्यंत बर्फ असतो, असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं.

तेव्हापासून टायर. धुळ्याच्या दुकानांत ते मला इंग्रजी वाचायला म्हणून नेत. एक दुकानदार मारवाडी, शांत माणूस. तो टायरवर टायर पुढे टाकी. आबा उकिडवे बसून टायरच्या दातांच्या खाचांत अंगठा घालत. हा उथळ, यात बर्फ भरून राहील, हा दगडावर घसरेल.

"आबा, हा टायर काळ्या मातीच्या चिखलातून उसाची गाडी ओढतो," दुकानदार म्हणे.

"बठ्ठं बराबर शे. पन बरफनं काय?"

"बर्फाचं मी काय सांगू? मी तो सरबतात पाहिलाय."

शेवटी त्यांनी ट्रॅक्टरला शोभतील असे मोठे, दाताळ टायर घेतले. ते बसेनात म्हणून पत्र्याचं मडगार्ड कापावं लागलं. गाडी इतकी उंच झाली की अक्कांना चढायला घरातला पाट लावावा लागे. डांबरावर ते टायर असे घुमत की आबा निघाले हे स्टेशनपर्यंत कळे.

तरी मन भरेना, म्हणून त्या बर्फाच्या लाद्या; त्याही वितळून गेल्या. मग मला घेऊन ते सोनगीरला गेले. तिथे आग्रा रोडवरच्या ढाब्यावर उत्तरेचे ट्रक थांबत. एक वयस्कर सरदारजी खाटेवर जेवत होता. त्याने काश्मिरात गाडी चालवलेली होती. आबांनी त्याला हाताला धरून टायर दाखवायला नेलं.

सरदारजीने टायरला एक लाथ मारून पाहिली. "चाचा, टायर कोई भी चलेगा. बरफ पे जंजीर बाँधते हैं. पहिये पे लपेटो और चढ़ जाओ."

एवढं सोपं उत्तर मिळाल्यावर मला हलकं वाटलं. आबांनी मात्र परतताना वाटेत गाडी बाभळीखाली उभी केली.

"सांकळ बांधी ते गाडी चढी जाई," ते समोर पाहत म्हणाले. "पन तिनी दार नही उघाडं ते?"

मग उतरून त्यांनी हँडल मारलं.

साखळ्या आल्या. पण मग डाव्या चाकाची हवा कमी वाटू लागली, मग इंजिनाचा आवाज बरा वाटेना. अक्का बोलून थकल्या. मीही थकलो. आखाजी उजाडली तेव्हा गाडी दारातच होती आणि आबा तिच्या बोनेटवरची धूळ पुसत होते.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबला. सिंधू उतरली. एकटीच, हातात पिशवी. अक्का धावल्या. सिंधूने पायरीवर पाय ठेवला आणि आबा म्हणाले, "थांब. उंबरा चढू नको."

"आहो, पोर इतली दूरथीन उनी शे," अक्का ओरडल्या. सिंधूचा चेहरा उतरला. आम्ही ओट्यावरची माणसं खाली पाहू लागलो.

"तू आपली आपण उनी. मुराळी गया नही," आबा म्हणाले. "बस गाडीमा."

पाट लावून ती चढली. गाडी घुमत गेली आणि खूप वेळाने परत आली. आबांनी पुढे होऊन दार उघडलं, तिला हाताला धरून उतरवलं आणि लेकीला घेऊन आल्याचं अक्कांना सांगितलं, "आंडेरले लई उनू."

मधल्या वेळात काय झालं, ते सिंधूने मला परवा, आबांचे दिवस झाल्यावर सांगितलं. आबांनी तिला एसटी स्टँडवर नेलं, बाकावर बसवलं आणि स्वतः फाटकाबाहेर गेले. मग दुरून आल्यासारखे चालत आले, टोपी नीट केली, आणि वाकून विचारलं, "आखाजीले येशी ना, माय?"

तिने पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली.