बिघडलेली मुलं पाहिजेत

"बिघडलेली मुलं? अहो, घरात एक पोसतोय! मैत्रिणींसकट उद्या हजर करतो!"

असं छातीठोकपणे सांगून गर्दीवाले काका स्टुडिओबाहेर पडले. टीव्ही मालिकांना गर्दी पुरवणं हा त्यांचा धंदा. दवाखान्यातले पेशंट, मोर्चातली माणसं, काय म्हणाल ते! या खेपेला हवी होती दुकानाची नासधूस करणारी टवाळ पोरांची टोळी. दिग्दर्शकाने बजावलंच होतं, "उजेड आहे तोवर सीन झाला नाही, तर यापुढे गर्दी दुसरा कोणीतरी आणेल!"

काकांना कसली काळजी? त्यांची पंधरा वर्षांची लेक दार लावून बसते, टोपीवालं काळं जॅकेट घालते आणि विचारलं की "काही नाही" म्हणते. मालिकांमध्ये अशी मुलगी तिसऱ्या भागात पोलीस चौकीत असते.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर एका खऱ्या फुलवालीच्या रोपांच्या दुकानाशेजारी खोटं दुकान उभं राहिलं. आत फोडण्यासाठीच बनवलेल्या बरण्या.

"ॲक्शन!"

लेकीने बरणी उचलली आणि दुकानदार झालेल्या नटाला विचारलं, "काका, फोडू ना नक्की?" दुसरीने कोणी अडखळू नये म्हणून स्टूल बाजूला सरकवलं. तिसरीने एक फोडली, "सॉरी" म्हणाली आणि झाडू मागितला.

"कट! ही टोळी आहे की स्वच्छता मोहीम?" दिग्दर्शक किंचाळला. "रागाने बघा गं!"

"कोणाकडे?"

"सगळ्यांकडे! या वयात राग असतोच!"

"सर, आत्ता फक्त भूक लागलीये."

ऊन उतरायला लागलं. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. इतक्या वर्षांचा धंदा पोटच्या पोरीच्या सभ्यपणामुळे बुडणार!

"बाबा, तूच एकदा करून दाखव ना," लेक म्हणाली.

चेहरे दिसायचेच नव्हते, सगळं पाठमोरं. काकांनी तिचं जॅकेट चढवलं, टोपी ओढली. चेव येऊन दिग्दर्शकानेही दुसरीचं जॅकेट घातलं. दोघांची वयं मिळून शंभरी ओलांडलेली, पण काय ते लाथा मारणं! काय ते आरडणं! बरण्यांचा चक्काचूर झाला. खरं सांगायचं तर काकांना भारी मजा येत होती. तेवढ्यात टोपी डोळ्यांवर आली आणि त्याच जोशात ते शेजारच्या खऱ्या दुकानात घुसले.

"मेले गं माझे गुलाब!" फुलवालीने पाण्याची झारीच उगारली. दोघे पळत सुटले. मागे पोरींनी तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, माती गोळा केली, रोपं पुन्हा लावून दिली. समोरच्या गॅलरीतून कोणीतरी मोबाइलवर सगळं टिपत होतं, पण ते नेमकं पोरींच्या वेळेला आत गेलं.

संध्याकाळी बातम्या लागल्या. "मोकाट अल्पवयीन टोळीचा धुमाकूळ! आईबाप काय करतात?" पडद्यावर दोन काळी जॅकेटं झारी चुकवत पळत होती.

"काय मेली ही आजकालची कार्टी!" काकू कडाडल्या. "पोरी, असल्यांच्या नादी लागशील तर बघ!"

लेक बाबांकडे बघत शांतपणे जेवत राहिली.

फोन वाजला. दिग्दर्शक! "काका, काम वाचलं! चॅनेलवाले म्हणाले, मुलं अगदी अस्सल वाटतात. उद्या शाळेबाहेरची मारामारी, आपल्या दोघांनाच करायचीय. गुडघ्याला पट्टा बांधा तेवढा!"

काकांनी गुपचूप खुंटीवरचं जॅकेट काढलं आणि खोलीकडे सटकले.

"अहो, ते घेऊन कुठे निघालात?" काकूंनी विचारलं.

"काही नाही!" म्हणत काकांनी धाडकन दार लावून घेतलं.