सर्जेराव आप्पांचा टर्बो

सर्जेराव आप्पांनी मला पहिली शिवी दिली ती 'पिस्टन' ही.

मी आमच्या गावच्या दूध डेअरीचा सेक्रेटरी. त्या सकाळी आप्पांच्या दुधाला फॅट कमी लागली. मी आधी म्हणालो, पुन्हा तपासतो. मग म्हणालो, कशाला, मशीन बरोबरच आहे. त्यांनी डोळे वटारल्यावर म्हणालो, बरं, बघतो. आप्पांनी किटली उचलली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "सेक्रेटरी, तू पिस्टन हायस." मागं रांगेत उभ्या असलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. अर्थ त्यांनाही कळला नव्हता, पण आवाजावरून ही शिवी आहे एवढं सगळ्यांना कळलं.

अर्थ मला नंतर समजला. आप्पांच्या मते जगात दोनच जातीची माणसं आहेत, पिस्टन आणि रोटर. पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. निम्मा जन्म थांबण्यात घालवतो आणि वर खडखडाट करतो. रोटर मात्र एकाच दिशेनं गपगुमान फिरत राहतो. या हिशोबानं आमचे सरपंच पिस्टन, आप्पांचा जावई पिस्टन, आष्ट्याला जाणारी एस.टी. तर चाकांवरचा पिस्टन. रोटर म्हणता येईल असं माणूस त्यांना गावात एकच दिसायचं, ते म्हणजे त्यांची बायको हौसाक्का. हे ते आक्का घरात नसताना सांगायचे.

आप्पा फौजेत होते, गाड्या दुरुस्तीच्या वर्कशॉपात. सगळी नोकरी ट्रकखाली उताणं पडून गेली. डोक्यावरून विमानं जायची, पण मध्ये ट्रक असल्यामुळं दिसायची नाहीत, नुसती ऐकू यायची. तेव्हाच त्यांनी मनाशी ठरवलं की पेन्शनीत गेल्यावर आपण एक विमान करायचं. आमच्याकडचे बाकीचे फौजी पेन्शनीत गेल्यावर घराला फरशी करतात, नाहीतर ग्रामपंचायतीला उभे राहतात.

इंजिन त्यांना उंब्रजला सापडलं. हायवेला कुणा हौशी माणसाची जपानी स्पोर्ट्स गाडी उलटली होती आणि तिचा सांगाडा भंगारात पडला होता. आप्पा गेले होते जीपच्या स्टार्टरसाठी, आले ते उसाच्या ट्रॉलीतून हे इंजिन घेऊन. त्यांनी ते माझ्यासमोर उघडलं. आत पिस्टन नावाला नाही. भुईमुगाच्या दोनदाणी शेंगेच्या आकाराची पोकळी आणि तिच्यात गरगर फिरणारा एक फुगीर त्रिकोण. आप्पा त्याला रोटर म्हणाले. संध्याकाळपर्यंत गावानं त्याचं नाव समोसा पाडलं होतं आणि आजही ते इंजिन समोसा इंजिन म्हणूनच ओळखलं जातं.

विमान आमच्या घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडात उभं राहिलं. सांगाडा लोखंडी नळ्यांचा, वर प्लायवूड आणि कापड, शेजारी शेजारी दोन खुर्च्या. विमान हलकं असावं हे आप्पांना मान्य होतं, पण तत्त्वतः. नकाशात एक बोल्ट सांगितला असेल तिथं आप्पा दोन मारायचे. "फौजंत एका बोल्टवर इश्वास ठेवत न्हाईत," असं म्हणायचे. शेवटी विमान इतकं भक्कम झालं की त्याला उसाची ट्रॉली जोडली असती तरी चाललं असतं.

आणि आवाज! पंखा बांधून, शेपटी चिंचेच्या बुंध्याला साखळीनं जखडून आप्पांनी पहिल्यांदा इंजिन चालू केलं, तेव्हा माझ्या घरातली फळीवरची भांडी चालत चालत कडेला आली. त्यानंतर रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी हा प्रकार. म्हशी पान्हा चोरायला लागल्या. एकीनं दूध द्यायचं सोडून थेट दावंच तोडलं. दूध घटलं की लोक माझ्याकडं यायचे, जणू समोसा मीच तळला होता.

तरीही आप्पांच्या विरोधात गावाचं एकमत होत नव्हतं. त्याचं कारण वारा. इंजिन चालू असलं की विमानाच्या मागं असा काही वारा सुटायचा की बोलायची सोय नाही. एके दिवशी हौसाक्का तिथं सूप घेऊन उभ्या राहिल्या आणि पायलीभर हुलगे बघता बघता वारवून मोकळ्या झाल्या. एवढ्याशा हुलग्यासाठी मळणीचं मशीन कोण आणतो? दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या साऱ्या बायका मटकी, घेवडा, तीळ घेऊन शेपटीमागं हजर. आप्पांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडले, हे विमान हाय, पंखा न्हाई. त्यावर पारूमावशी शांतपणे म्हणाल्या, "व्हय, पर जरा हळू लावा की. दाणं पन उडून चाललंय."

आप्पांनी इंजिन हळू केलं. वर माझ्याकडं बघून म्हणाले की आज तसंही कमी वेगाचीच चाचणी घ्यायची होती. तिळाच्या दिवसांत त्यांनी कमी वेगाच्या चाचण्या फार घेतल्या.

पण म्हशीपुढं मटकीचं काय चालणार? ग्रामपंचायतीत बैठक बसली आणि ठरलं की बेंदराच्या सणापर्यंत आवाज कमी झाला पाहिजे, नाहीतर आप्पांनी शेड मोडून विमान गावाबाहेर न्यावं. आप्पांना ना गावाबाहेर जमीन, ना दुसरीकडं शेड बांधायची ऐपत. शेड मोडायचं म्हणजे विमानच मोडायचं.

दुसरा पेच पुण्याहून आला. तिकडं हौशी विमानवाल्यांची एक मंडळी आहे. त्यांच्यातले एक साहेब येऊन विमान बघून गेले. काम बघून खूश झाले, पण म्हणाले, गाडी जड आहे, इंजिनाची ओढ कमी पडते. ओढ वाढवा, मग आम्ही हे आमच्या धावपट्टीवर नेऊ, कागदपत्रांचं बघू, आमचा पायलट बसेल आणि शेजारच्या खुर्चीत तुम्ही. आप्पा त्या रात्री जेवले नाहीत असं आक्का सांगत होत्या. मला म्हणाले, "गड्या, एकदा वरनं आपलं गाव बघायचं हाय. लय काय न्हाई, एकच चक्कर."

या दोन्ही दुखण्यांवर आप्पांनी एकच औषध काढलं, टर्बो. इंजिनातून धूर जोरानं बाहेर पडतो, तो फुकट जातो. त्याच्या वाटेत एक चक्र बसवायचं. धुरानं ते चक्र फिरवायचं आणि त्या चक्रानं बाहेरची हवा इंजिनात कोंबायची. हवा जास्त, जाळ जास्त, ओढ जास्त. आणि आवाजही कमी, कारण चक्र फिरवता फिरवता धुराचा जोर उतरतो. भांडायला निघालेल्या माणसाला वाटेत कुणी चार पोती उचलायला लावावीत, तसं ते होतं.

पहिला टर्बो लोणंदच्या भंगारातला, ट्रकचा. समोशाचा धूर इतका कडक की त्याची पाती वितळून वाकडी झाली. दुसऱ्यानं तेलाची पिचकारी मारून पारूमावशींचा घेवडा काळा केला. आप्पा सांगलीला हेलपाटे घालत होते, कुठं कुठं फोन करत होते, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी सदऱ्याची चाळण झाली होती. अखेर तिसरा टर्बो, खास याच जातीच्या इंजिनाचा, त्यांना मिळाला. बेंदूर तोंडावर आलेला असताना त्यांनी तो बसवला, आणि मी माझ्या अंगणात दात घासत असताना शेडातला पंखा नुसता घुमला. भांडी जागची हलली नाहीत. विमान मात्र साखळी ताणून असं पुढं झेपावलं की चिंचेची पानं झडली.

गाव चाट पडलं. म्हशींनी पान्हा सोडला. सरपंचांनी आप्पांना शाल आणि नारळ दिला आणि भाषणात सांगितलं की हा टर्बो मुळात त्यांनीच सुचवला होता. आप्पांनी हे ऐकून घेतलं, एकदासुद्धा पिस्टन म्हणाले नाहीत. पुण्याचे साहेब फोनवर म्हणाले, असाच रोज चालवून बघा, चार-सहा महिने टिकला की आम्ही न्यायला येतो. आप्पांच्या आनंदाला पारावार नव्हता. डेअरीत येऊन माझ्या मशीनलाही ते बरं म्हणून गेले.

आणि बेंदूर होऊन आठवडा झाला नसेल, एका सकाळी माझी भांडी पुन्हा चालायला लागली. संध्याकाळी तेच, दुसऱ्या दिवशी तेच. लोक चिडले. टर्बो असताना हा माणूस मुद्दाम गावाला छळतोय, असं बोलू लागले. शेजारी आणि दूधवाला म्हणून जाब विचारायला मला पाठवलं.

आप्पांनी नुकतंच इंजिन बंद केलं होतं. टर्बो फडताळात होता, आक्कांच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला. मी विचारलं, का काढला? म्हणाले, तेल गळतंय. खाली जमिनीवर तेलाचा ठिपका नव्हता. मला राग आला. मी म्हणालो, आप्पा, काल बसवायचा, आज काढायचा, पिस्टन तर तुम्हीच झालात. यावर ते माझ्या अंगावर येतील अशी माझी खात्री होती. ते नुसते स्टुलावर बसले आणि हाताचं ग्रीस पुसत राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली.

हौसाक्का कानानं जड आहेत हे साऱ्या गावाला ठाऊक. सांगलीहून आणलेलं कानाचं मशीन त्या देव्हाऱ्यात ठेवतात. त्यात भांडीच लय वाजत्यात, माणूस ऐकूच येत न्हाई, असं त्यांचं म्हणणं. अलीकडं ते ऐकणं आणखी उतरलं होतं. कुकरची शिट्टी गेली, दारावरची थाप गेली, आप्पांची हाक गेली.

"इंजिन तेवढं ऐकू जायचं तिला," आप्पा म्हणाले. "मी इंजिन लावलं की ती चुलीवर आधण ठेवायची. बंद केलं की च्या गाळायची. दिसभरात आमचं तेवढंच बोलणं, बघ. टर्बो लावला आन् च्या यायचा बंद झाला."

दोन-तीन दिवस त्यांच्या काही लक्षात आलं नाही, ते त्यांच्याच आनंदात. मग एकदा इंजिन चालू असताना ते मागच्या बाजूला गेले, तर आक्का शेडाच्या पत्र्यावर तळहात टेकवून उभ्या होत्या. पंखा फिरताना त्यांना दिसत होता. पत्रा हाताला थरथरताना लागत होता. आवाज मात्र नव्हता. उरलंसुरलं ऐकणंही गेलं असं समजून त्या रडत होत्या, आणि आप्पांना कळू नये म्हणून मागच्या बाजूला येऊन रडत होत्या.

"मग सांगितलं तिला," आप्पा म्हणाले, "तुझं कान चांगलं हायत, इंजिनच नासलंय. बसलंय म्हणून आवाज करीना. चार दिवसांत दुरुस्त करतो म्हणालो."

मी म्हणालो, मग सकाळी टर्बो काढून चालवा, दुपारी लावून चालवा. आप्पा म्हणाले, दुपारी आवाजाबिगर पंखा फिरताना ती बघणार, आणि ती काय येडी हाय व्हय? टर्बो महिनोन्महिने चालवून बघितल्याशिवाय हवेत न्यायचा नसतो, आणि चालवायचा तर तिच्या डोळ्यांदेखतच. पुण्याच्या साहेबांना त्यांनी आदल्याच दिवशी फोन करून सांगितलं होतं की येऊ नका, काम फसलं. ज्या माणसानं समोशाला समोसा म्हटल्याबद्दल सख्ख्या मेव्हण्याशी अबोला धरला होता, तो आपल्या इंजिनाची बदनामी आपल्याच तोंडानं करत फिरत होता.

गावाला मी काय सांगितलं ते इथंच सांगून टाकतो. टर्बो फुटला, नवा मिळत नाही, असं ठोकून दिलं. डेअरीची वेळ सकाळ-संध्याकाळ अलीकडं घेतली, म्हणजे म्हशी पिळून झाल्यावर इंजिन लागेल. लोकांनी आठवडाभर मला शिव्या दिल्या आणि मग सवय करून घेतली. शेड आहे तिथंच आहे.

तर आम्ही तसेच बसलो होतो, तेवढ्यात हौसाक्का चहा घेऊन आल्या. तीन कप होते, मी आलेला त्यांनी पाहिला असणार. चेहरा असा उजळलेला की मला त्यांच्याकडं बघवेना.

"ऐकलंस न्हवं सुभास?" त्या मला म्हणाल्या. "झालं की नीट. मी आपली घाबरले, म्हटलं माझंच कान गेलं. आन् ह्यांचंच इंजिन बसलं हुतं." मग आप्पांच्या हातात कप देत त्यांनी त्यांना फैलावर घेतलं. "कवाधरनं सांगतिया, नगा त्या टर्बोच्या नादाला लागू. येत न्हाई ते करायचंच कशाला माणसानं?"

आप्पांनी कप घेतला. एक घोट घेतला.

"व्हय गं," ते म्हणाले. "न्हाई जमलं मला."

आक्कांनी कानामागं हात नेला. तसे आप्पा स्टुलावरून उठले, त्यांच्या जवळ गेले आणि तेच पुन्हा एकदा, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले.